एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात

उन्हाळा सरत आला की आपल्याकडे प्रवेशाची चर्चा सुरू होते. बारावीचा निकाल, सामायिक परीक्षेचे गुण, गुणवत्ता-याद्या, पहिली फेरी, दुसरी फेरी या गोष्टींनी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि पारावर बसणाऱ्यालाही त्यांतले चार शब्द पाठ होतात. परंतु याच दिवसांत आणखी एक वर्ग देव पाण्यात घालून बसलेला असतो, आणि त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. या मुलामुलींना प्रवेश पूर्वीच मिळालेला असतो. एक वर्ष, क्वचित दोन वर्षे शिकूनही झालेली असतात. आता त्यांना एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात, आणि पुष्कळदा एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जायचे असते. अर्ज दिलेला असतो. उत्तर आलेले नसते. या उत्तराची वाट पाहणे म्हणजे काय, ते इतके लांबते का, आणि ते लांबू नये म्हणून काय करता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

उदाहरणासाठी आम्ही डोंगरकडा हे गाव घेतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातले हे गाव नांदेड–हिंगोली रस्त्यावर आहे. केळी आणि हळद ही या टापूतली नावाजलेली पिके. पदवीच्या शिक्षणासाठी येथल्या मुलांची वाट बहुधा नांदेडकडे वळते. ज्यांना गुण आणि पैसा दोन्ही साधतात ती छत्रपती संभाजीनगर, पुणे येथपर्यंत जातात. म्हणजे गावातून बाहेर पडणे हे येथल्या शिक्षणाचे पहिले पाऊल, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जागा बदलावी लागणे ही त्या पाठोपाठ येणारी, पण कोणी आधी न सांगितलेली गोष्ट.

गंमत अशी की, हे गाव जागचे न हलता त्याने स्वतः तीन विद्यापीठे पाहिली. निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, या मुलखाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. ते १९१८ साली स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ निघाले, तेव्हा मराठवाड्यातली महाविद्यालये औरंगाबादशी जोडली गेली. मग १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, आणि नांदेड, परभणी, लातूर हा भाग त्याच्याकडे आला. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. १ मे १९९९ पासून तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. अलीकडे मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न झाली आहेत.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. जेव्हा महाविद्यालयेच्या महाविद्यालये एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात, तेव्हा मधल्या वर्गातील विद्यार्थ्यांचे काय करायचे, त्यांची परीक्षा कोणी घ्यायची, पदवी कोणत्या नावाची द्यायची, याची तरतूद अगोदर केली जाते. विद्यार्थ्याला अर्ज करावा लागत नाही. त्याला कित्येकदा बदल झाल्याचा पत्ताही परीक्षेच्या अर्जावरचे नाव पाहून लागतो. पण एकट्या विद्यार्थ्याला तेच अंतर ओलांडायचे असेल, तर मात्र तो सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. हजारांनी मिळून बदलले तर ते राज्यकारभाराचे काम, आणि एकटीने बदलायचे तर ती विनंती! येथे मूळ अडचण आहे असे आम्हांस वाटते.

विद्यापीठ बदलू कोण पाहते? लोकांचा समज असा की, ज्यांचे मन रमत नाही, ज्यांना मोठ्या शहराची हौस, किंवा ज्यांना पहिल्यांदा कमी गुण पडले म्हणून मागच्या दाराने चांगल्या ठिकाणी शिरायचे आहे, अशी ही मुले असतात. तसे काही असतीलही. परंतु खेड्यापाड्यांकडे पाहिले तर कारणे निराळी दिसतात. वडील गेले, घरचे शेत पाहणारे कोणी नाही, म्हणून पुण्याचा मुलगा नांदेडला परतू पाहतो. आजार निघाला आणि वसतिगृहाचे खाणे सोसेना. खोलीचे भाडे व खानावळ यांचा हिशेब दुसऱ्या वर्षी जमेना. आणि मुलींच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण म्हणजे लग्न.

समजा, डोंगरकड्याची एक मुलगी नांदेडच्या महाविद्यालयात विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वैशाखात तिचे लग्न ठरते. नवरा मुलगा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. बोलणी होताना सासरची मंडळी म्हणतात, "शिकू द्या की, आमची ना नाही. तिकडे कॉलेजं काय कमी आहेत?" बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण पुण्यातली महाविद्यालये पुष्कळ असली, तरी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तिच्यासाठी रिकामी जागा आहे की नाही, हे त्या बैठकीत कोणालाच ठाऊक नसते. अक्षता पडतात आणि अर्ज जातो. जून सरतो, जुलै सरतो. या मुलीच्या बाबतीत उत्तर उशिरा येणे आणि नकार येणे यांत व्यवहारतः फारसा फरक राहत नाही. कारण एकदा ते वर्ष हुकले की पुढल्या वर्षी घरात दुसरी निकड उभी राहते, आणि "आता कशाला" हे दोन शब्द तिच्या पदवीवर पडदा टाकतात. विद्यापीठाच्या दप्तरात तिची नोंद 'अपूर्ण' एवढीच राहते. तेथे लग्नाचा, पुण्याचा किंवा न आलेल्या पत्राचा उल्लेख नसतो.

आता उत्तराला उशीर का लागतो ते पाहू. कचेरीतल्या कारकुनाच्या आळसावर सारे ढकलणे सोपे आहे. पण यंत्राची रचनाच अशी आहे की, सर्वांनी प्रामाणिकपणे काम केले तरी उत्तर लवकर निघणे कठीण. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात नवी जागा निर्माण होत नसते. मंजूर संख्येपैकी जे नापास झाले, जे सोडून गेले, त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांवरच बाहेरचा विद्यार्थी घेता येतो. त्या जागा किती, हे कळायला आधी त्या महाविद्यालयाचा मागील वर्गाचा निकाल लागला पाहिजे. इकडे विद्यार्थ्याचा स्वतःचा निकाल त्याच्या जुन्या विद्यापीठाने लावला पाहिजे. दोन विद्यापीठांचे निकाल एकाच आठवड्यात लागतील असा योग दुर्मिळच. एकाचा निकाल जूनमध्ये, दुसऱ्याचा ऑगस्टमध्ये. आणि मधल्या काळात अर्ज टेबलावर पडून आहे असे दिसले, तरी खरे पाहता तो निकालाच्या रांगेत उभा असतो.

निकाल लागल्यावर कागदांची पाळी येते. जुन्या महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता प्रमाणपत्र. विद्यापीठ तेच असेल आणि फक्त महाविद्यालय बदलायचे असेल, तर यांतले दोन-तीन कागद गळतात आणि काम पुष्कळ हलके होते. विद्यापीठच बदलले की मात्र सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो, तो समकक्षतेचा. नांदेडला दुसऱ्या सत्रात शिकवलेला गणिताचा भाग दुसरीकडे तिसऱ्या सत्रात असतो. एकाच्या 'कार्बनी रसायना'त जे येते ते दुसऱ्याकडे दोन पत्रिकांत वाटलेले असते. विद्यार्थ्याने काय शिकले आणि काय राहिले, याचा ताळा अभ्यासक्रम शेजारी ठेवून कोणीतरी जाणत्याने करावा लागतो. राहिलेला भाग असेल तर जादा पत्रिका द्यावी लागते. ज्याचे मागचे विषय राहिलेले आहेत, आपल्याकडे ज्याला 'एटीकेटी' म्हणतात, त्याला तर बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात, कारण जुने विषय कोणत्या विद्यापीठाच्या परीक्षेने सोडवायचे हा गुंता कोणालाच नको असतो.

यातली प्रत्येक पायरी वेगळी काढून पाहिली तर ती रास्त आहे. खोट्या गुणपत्रिका चालू नयेत, न शिकलेल्याला पदवी मिळू नये, मंजूर संख्येपेक्षा जास्त मुले वर्गात कोंबू नयेत, याला कोण हरकत घेईल? दोष एवढाच की, या पायऱ्या एकीमागून एक घेतल्या जातात आणि सगळ्यांचा मिळून काळ किती लागेल हे सांगण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते.

डोंगरकड्याच्या शेतकऱ्याला हा प्रश्न त्याच्या भाषेत सहज समजेल. हळद शिजवून, वाळवून, झळाळी देऊन पोत्यात भरली की ती थांबू शकते. भाव पडला असेल तर पोती घरात राहू द्यावीत. सहा महिन्यांनी विकावीत. केळीचे तसे नाही. घड कापला की तो वाहनात चढलाच पाहिजे. व्यापारी आज आला नाही तर उद्या मालाचे मोल उरत नाही. प्रवेशाच्या कचेऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जाला हळदीसारखे वागवतात, आणि विद्यार्थ्याचे वर्ष तर केळीसारखे असते. वर्ग सुरू झाले की हजेरी मोजली जाऊ लागते. सामान्यतः पाऊणपट हजेरी लागते, आणि सप्टेंबरात आलेल्या मुलाच्या नावापुढे जुलै-ऑगस्टच्या गैरहजेऱ्या आधीच साचलेल्या असतात. अंतर्गत चाचणी होऊन जाते. वसतिगृहाच्या जागा भरतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळते. उत्तर 'होय' असे आले तरी त्या होकाराचे मोल दर आठवड्याला उतरत जाते.

वाट पाहण्याने माणसाला काय होते, याचाही शास्त्रीय विचार झालेला आहे. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेतल्या माणसांविषयी लिहिताना जी निरीक्षणे मांडली, त्यांतली दोन आमच्या विषयाला नेमकी लागू पडतात. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली वाट ही ठाऊक असलेल्या वाटेपेक्षा लांब भासते. आणि उशिराचे कारण न सांगितलेली वाट ही कारण सांगितलेल्या वाटेपेक्षा लांब भासते. आपल्या एसटी स्थानकावर उभा राहिलेला कोणीही प्रवासी हे सांगेल. गाडी तासाने येणार असे नियंत्रकाने सांगितले तर माणूस चहा पिऊन येतो. 'येईल आता' असे सांगितले तर तो तोच तास रस्त्याकडे मान वळवून काढतो.

केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातील वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या पदवीधरांचा अभ्यास केला. त्या परीक्षेचा निकाल लागायला तेव्हा चार महिने लागत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गोष्टी आढळल्या. मन दुसरीकडे गुंतवा, आशा धरा, वाईटाची तयारी ठेवा असे जे उपाय लोक करतात, त्यांनी मधल्या काळातली तळमळ फारशी कमी झाली नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, जे मधल्या काळात अस्वस्थ राहिले त्यांनी निकाल लागल्यावर तो अधिक चांगल्या रीतीने पेलला. वाईट बातमी आली तर ते लवकर पुढच्या तयारीला लागले, आणि चांगली आली तर त्यांना आनंदही अधिक झाला. जे निश्चिंत राहिले होते त्यांना नकाराचा धक्का जास्त बसला. म्हणून ज्या घरात एखादा मुलगा दिवसातून दहा वेळा मोबाईल उघडून विद्यापीठाचा संदेश आला का ते पाहतो, तेथल्या वडीलधाऱ्यांनी "काय सारखं तेच बघतोस!" म्हणून त्याच्यावर खेकसू नये. त्याचा जीव टांगणीला लागणे हे त्याच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे.

मराठवाड्याच्या इतिहासात मात्र विद्यापीठबदलाचे एक प्रकरण असे आहे की, त्यापुढे आजच्या कागदांचा गुंता किरकोळ वाटावा. १९३८ सालची ही गोष्ट. हैदराबाद संस्थानात नागरी स्वातंत्र्याचा लढा त्या वर्षी पेटला होता. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत. नोव्हेंबरात विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्याला बंदी घातली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हाच संघर्ष झाला. विद्यार्थ्यांनी माघार घेतली नाही, आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले.

त्या मुलांची स्थिती डोळ्यांसमोर आणा. संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. संस्थानाबाहेर जावे, तर हाती काय? ज्याला शिस्तभंगासाठी काढले त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला कोण देणार? पुन्हा, यांचे शिक्षण उर्दूतून झालेले, आणि बाहेरच्या विद्यापीठांचा कारभार इंग्रजीतून. आज आपण ज्याला समकक्षता म्हणतो ती तेव्हा भाषेपासूनच अडत होती. बहुतेकांची घरे साधी. घरच्यांना मुलगा शिकायला हैदराबादला पाठवला एवढे ठाऊक, आणि तो आता कोठे आहे, त्याचे वर्ष बुडाले की काय, याचा पत्ता पोस्टाने येईल तेव्हा. संस्थानाची नोकरी हा ज्या काळी शिकलेल्याचा मुख्य आधार, त्या काळी संस्थानाच्या विद्यापीठातून काढले जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कुलगुरू त्या वेळी टी. जे. केदार हे होते. हैदराबादेतून आलेल्या या विद्यार्थ्यांना नागपूरने सामावून घेतले. या चळवळीत बाहेर पडलेल्यांपैकी तेलंगणातले एक विद्यार्थी पुढे देशाचे पंतप्रधान झाले, ते पी. व्ही. नरसिंह राव. त्यांचे पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नागपूर विद्यापीठात झाले. त्यांचे मराठी इतके चांगले कसे, याचे उत्तर याच वाटेवर सापडते. कित्येक जण शिकून पुन्हा हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरले.

या प्रकरणातून नागपूरच्या औदार्याची वाखाणणी करून आपण थांबतो, आणि ती करावी हे योग्यच. पण आम्हांस त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. नागपूरपुढेही नियम होतेच. वर्ग, परीक्षा, अभ्यासक्रम सगळे तेथे आजच्यासारखेच होते. फरक असा पडला की, विद्यार्थी कोणत्या कागदावाचून आला याऐवजी तो कोणत्या कारणाने आला, हा प्रश्न तेथे अगोदर विचारला गेला. हे करायला कायदा बदलावा लागतो असे नाही. पण निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाला तो वापरण्याची इच्छा लागते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ते लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास करीत असता बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. तेथील विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन काम पुरे करण्याची परवानगी दिली होती. मधल्या काळात बडोद्याची नोकरी, तेथील अपमान, मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, असे दिवस काढून, पैसा जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. हीही वाट पाहणेच होते, आणि ते आपल्या डोंगरकड्याच्या मुलीच्या वाट पाहण्यापेक्षा किती तरी खडतर. पण त्याला एक काठ होता: चार वर्षे. दार किती काळ उघडे आहे हे ठाऊक असलेला माणूस त्या मुदतीवर आपली सारी शक्ती लावू शकतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नाकडे पाहण्याची तऱ्हा मुळातच निराळी आहे. १९६० मध्ये तेथे उच्च शिक्षणाची एक सर्वंकष योजना झाली. तीनुसार पुष्कळ विद्यार्थ्यांनी पहिली दोन वर्षे गावाजवळच्या स्वस्त सामुदायिक महाविद्यालयात काढावीत आणि मग राज्याच्या विद्यापीठात जावे, असे ठरले. यासाठी विद्यापीठात वरच्या दोन वर्षांचे विद्यार्थी साठ आणि खालच्या दोन वर्षांचे चाळीस, असे प्रमाण धरण्यात आले. म्हणजे बदलून येणाऱ्यांसाठी जागा आधीच राखलेली. नापासांची संख्या मोजत बसायला नको. अर्ज सामान्यतः नोव्हेंबर अखेरीपर्यंत घेतात आणि निर्णय एप्रिलच्या शेवटापर्यंत कळतात. पाच महिने थांबावे लागते, तेथली मुलेही ते पाच महिने तळमळतच काढतात. परंतु शरदातले वर्ग सुरू होण्यापूर्वी उत्तर हातात असते. आपल्याकडे बदलीची जागा ही उरलीसुरली जागा. तेथे ती मोजून ठेवलेली. आपल्या राज्यात याला जवळची व्यवस्था एकच दिसते: तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेश. त्याची फेरी ठरलेली असते, यादी लागते, आणि म्हणून तेथे कुजबुज कमी असते.

वैद्यकीय शिक्षणात तर याच्या उलट टोक गाठले गेले. पूर्वी काही अटींवर एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाता येई. २०२३ च्या नियमांनी ते सरसकट बंद केले. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या प्रकरणात, असा सरसकट निषेध मनमानीचा ठरवला. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धातून परतलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांनी, त्यांत महाराष्ट्रातलेही होते, येथल्या महाविद्यालयांत सामावून घ्या अशी मागणी केली. नियमांत तशी तरतूद नाही असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अंतिम परीक्षेची एक संधी देण्याचे मार्च २०२३ मध्ये ठरले. मधले वर्षभर त्या मुलांनी कोणत्या मनःस्थितीत काढले असेल! वैद्यकीय जागांची दुर्मिळता आणि त्यांवरून होणारे गैरव्यवहार लक्षात घेता कडक नियमांमागचे कारण आम्हांस समजते. पण संशयापोटी दारच भिंत करून टाकणे हे राज्यकर्त्यांच्या सोयीचे असते, विद्यार्थ्यांच्या नव्हे.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर एक उपाय काढला आहे. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात, ते जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात, आणि दुसऱ्या संस्थेत गेल्यावर तेथे वळते करता येतात. मात्र जी संस्था पदवी देणार तेथे निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. कल्पना उत्तम. परंतु खात्यावरची शिल्लक म्हणजे वर्गातली जागा नव्हे. पेढीने समकक्षतेचा प्रश्न सोपा होईल, कागदांची खरेखोटी पटवणे सोपे होईल. रिकामी जागा किती आणि उत्तर कोणत्या तारखेला, हे दोन प्रश्न मात्र होते तेथेच राहतात. प्रत्येक महाविद्यालयाने निकालानंतर आठवडाभरात आपल्या वरच्या वर्गांतील रिकाम्या जागा फळ्यावर आणि संकेतस्थळावर लावाव्यात, आणि अर्जाच्या पोचपावतीवरच निर्णयाची तारीख लिहून द्यावी, एवढे केले तरी अर्धे दुःख निवारेल. यासाठी नवे अनुदान लागत नाही.

तोपर्यंत ज्या घरांत असा अर्ज गेलेला आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. नव्या ठिकाणचा प्रवेश लेखी निश्चित होईपर्यंत जुना प्रवेश रद्द करू नये. सोडल्याचा दाखला एकदा काढला की जुन्या वर्गातली जागा गेली; मग इकडून नकार आला तर तेलही गेले, तूपही गेले अशी गत होते. ना-हरकत पत्र आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आधी मागावी, दुसरी शेवटी. उत्तर येईपर्यंत जुन्या महाविद्यालयात हजेरी लावत राहावी, मग मन तेथून कितीही उठलेले असो. जुन्या विद्यापीठाचा संपूर्ण अभ्यासक्रम, शिक्का मारून, सोबत ठेवावा. समकक्षतेचे काम बहुधा त्याच्यावाचून अडते. मुलींना व्यावसायिक शिक्षणात महाराष्ट्र शासनाने २०२४ पासून दिलेली शुल्कमाफी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांसाठी आहे, तेव्हा बदलीच्या जागेवर ती पुढे चालेल काय, हे अर्ज करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

लग्न ठरवताना तर हा प्रश्न देण्याघेण्याच्या बोलण्याइतकाच महत्त्वाचा मानावा. मुलीचे एकच वर्ष उरले असेल, तर बदलीच्या नादाला न लागता तिने ते वर्ष माहेरी राहून नांदेडलाच पुरे करावे, आणि ही अट बैठकीतच बोलून घ्यावी. शेवटच्या वर्षाला बाहेरचा विद्यार्थी घेण्यास महाविद्यालये सहसा राजी नसतात. सासर-माहेर दोघांनी दहा महिने कळ काढली तर पदवी पदरात पडते.

आणि कोणतीही संस्था मूळ गुणपत्रिका किंवा दाखले अडकवून ठेवू लागली, तर तसे करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. कागद पडताळून परत द्यायचे असतात. अर्जाचे काय झाले याचे उत्तर तोंडी मिळत नसेल, तर सरकारी व अनुदानित संस्थांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज साध्या कागदावर चालतो, दहा रुपये शुल्क पडते, आणि त्यावर पोच घ्यायला विसरू नये.